संदर्भ क्रमांक एकोणीस

डॉक्टरांचं सगळं सांगून झाल्यावर कमलिनीने रिपोर्टांची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "आभारी आहे." मग उठली. मी खुर्चीतच बसून राहिलो होतो. तिने माझ्या खांद्याला हात लावला. "चला, बाहेर पेशंट थांबलेत."

नागपूरच्या त्या दवाखान्याखाली उसाच्या रसाचं दुकान होतं. मार्च महिना होता, पण ऊन मे महिन्यासारखं. आम्ही तिथल्या बाकावर बसलो. आजार स्वादुपिंडातून यकृतात गेला होता. औषधं लागू पडली तर आठ महिने, नाही तर सहा, असं डॉक्टर म्हणाले होते.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुमच्याकडे सध्या अर्जंट काम किती आहे?"

"दोन प्रबंध. आणि काळमेघ सरांचं पुस्तक. का?"

"माझा लेख द्यायचाय टायपिंगला."

मला रडू येत होतं. ते दाबायला मी म्हणालो, "नंबर लावावा लागेल, मॅडम."

"ओळखीने नाही होणार?"

"कुणाची ओळख?"

"मालकाच्या बायकोची."

आम्ही दोघंही हसलो. रस आला. तिने एक घोट घेतला आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. तिचाही रस मीच प्यायलो.

माझं नाव मधुकर ठोसर. अमरावतीला विद्यापीठाच्या रस्त्यावर माझं टायपिंगचं दुकान होतं. आधी मशीन होतं, नंतर संगणक आला. माझं शिक्षण मॅट्रिक. कमलिनी इतिहासात एम.फिल. करत होती तेव्हा तिचा प्रबंध माझ्याकडे टायपिंगला आला. पहिल्याच आठवड्यात तिने एक पान परत आणलं. एका आडनावापुढचा स्वल्पविराम राहिला होता.

मी म्हणालो, "मॅडम, एका स्वल्पविरामासाठी अख्खं पान पुन्हा?"

ती म्हणाली, "मला येत असतं तर मीच केलं असतं."

दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. तिच्या माहेरी ते आवडलं नाही, आणि त्यात त्यांची चूक होती असं मी म्हणणार नाही. ती कॉलेजात शिकवायला लागली, मी टाइप करत राहिलो. मूल झालं नाही. घरातही मी तिला मॅडमच म्हणत असे. ती मला अहो म्हणायची, आणि रागावली की ठोसर.

माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. प्राध्यापक लेख लिहितात तेव्हा शेवटी संदर्भसूची द्यावी लागते. कोणती माहिती कोणत्या पुस्तकातून घेतली, ते कुणी लिहिलं, कधी छापलं, कोणत्या पानावर आहे. प्रत्येक नियतकालिकाची तऱ्हा वेगळी. कुणाला वर्ष कंसात हवं, कुणाला शेवटी. कुणाला पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरात हवं. दुसरी ओळ थोडी आत घ्यायची की नाही, यावरूनही लेख परत येतो. हे काम कंटाळवाणं असतं, म्हणून लोक ते माझ्याकडे देत. सूची लावावी तर ठोसरांनी, असं विद्यापीठात बोललं जायचं. त्याचा मला अभिमान होता. मी इतिहास शिकलो नव्हतो, पण माझा एक पूर्णविराम कुणाला चुकीचा सापडला नव्हता.

त्या कामात एक रीत होती. पुष्कळांच्या चिठ्ठ्यांवर पुस्तकाचं नाव असायचं, पान नसायचं. ते म्हणायचे, "ठोसर, बसवून टाका." म्हणजे पानाचा आकडा आपल्या मनाने घालायचा. त्यालाही अक्कल लागते. फार सुरुवातीचं पान दिलं तर माणसाने नुसती प्रस्तावनाच वाचली असं वाटतं. शेवटचं दिलं तर समारोप. दोनशे पानांचं पुस्तक असेल तर ऐंशी ते एकशेतीसच्या मधलं काहीतरी द्यावं, आणि शून्यावर संपणारा आकडा टाळावा. तीस वर्षांत कुणी विचारायला आलं नाही.

कमलिनीला हे कळलं तेव्हा मोठं भांडण झालं. ती दुकानात बसली होती आणि काळमेघ सरांनी तिच्यासमोरच मला चार पानं बसवायला सांगितली. ते गेल्यावर ती म्हणाली, "ठोसर, हे तुम्ही नेहमी करता?"

"कोण बघतंय, मॅडम?"

"एखादा बघतो. त्या एकासाठीच तर सूची असते. बाकीचे कशाला बघतील?"

"पण ते स्वतःच सांगतात ना बसवा म्हणून."

"त्यांनी सांगितलं म्हणून तुम्ही खोटं टाइप करायचं? हात तुमचा आहे."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी कबूल केलं की यापुढे नाही. आणि ते मी बऱ्यापैकी पाळलंही.

तिचा लेख वऱ्हाडातल्या जिनांमधल्या बायांवर होता. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. १९३०च्या सुमारास त्यात शेकडो बाया काम करायच्या. त्यांच्याबद्दल लिहिलेलं फार थोडं आहे. कमलिनीने वीस-बावीस वर्षं मिळेल तिथून टिपून घेतलं होतं. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदांवर एकेक नोंद, असे तीनशेच्या वर कागद, साडीच्या एका खोक्यात. त्यांना ती कार्डं म्हणायची. नोकरीत आणि घरात लेख राहून गेला होता. आता तिला तो पुरा करायचा होता.

नागपूरहून आल्यावर आम्ही दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. मी दुकानातला संगणक घरी आणला. ती दिवाणावर पडून सांगायची, मी टाइप करायचो. थकली की म्हणायची, "स्वल्पविराम," म्हणजे आता थोडी विश्रांती. पूर्णविराम म्हणाली की त्या दिवसाचं काम संपलं.

संपूर्ण लेखाचा जीव एका वाक्यात होता. यादव बोदडे नावाच्या कामगार कार्यकर्त्याने १९३९ साली छापलेल्या 'जिनातली माणसं' या छोट्या पुस्तकातलं ते वाक्य: "बायांनी तीन दिवस जिन बंद पाडला, तेव्हा मालकाने पाळण्यांसाठी एक खोली दिली." पाळणाघरासाठी बायांनी संप केला होता, याचा छापील पुरावा तेवढाच होता. ते पुस्तक तिने १९८४ साली खामगावच्या एका जुन्या वाचनालयात पाहिलं होतं. शेवटची गाडी गाठायच्या घाईत वाक्य उतरवलं आणि पानाचा आकडा राहिला. कार्डावर खाली तिने लाल शाईने लिहिलं होतं, "पान नं. घ्यायचा राहिला. पाळणाघराच्या चित्रासमोरचं पान. पुन्हा जाऊन पाहणे."

"एकदा जाऊन येता का?" ती म्हणाली.

मी गेलो. वाचनालयाच्या जागी कपड्यांचं दुकान होतं. शेजारचा म्हातारा चौकीदार म्हणाला, "पुस्तकं? ते तं कवाचेच गेले जी, पोत्यात भरून."

"कुठे गेली?"

"आता पोत्याले कोन इचारते, कुटी चाल्लं म्हून?"

परत येऊन मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "लिहा. संदर्भ एकोणीस. बोदडे, स्वल्पविराम, यादव. पुस्तकाचं नाव, साल. आणि पानाच्या जागी लिहा, पृष्ठक्रमांक नोंदवलेला नाही, पाळणाघराच्या चित्रासमोर."

"हे असं बरं दिसत नाही, मॅडम. एकतीस संदर्भांत एकच असा."

"बरं दिसायला नाही लावायची सूची. मला माहीत नाही, तर माहीत नाही म्हणायचं. उद्या कुणाला पुस्तक मिळालं तर चित्रावरून सापडेल."

मी तसं टाइप केलं. मे महिन्यात लेख पुण्याच्या एका त्रैमासिकाकडे गेला. जूनमध्ये परत आला. लेख स्वीकारला होता, फार चांगला म्हटलं होतं. पण सोबत एक छापील कागद होता आणि त्यावर लाल खूण केली होती: "संदर्भ क्र. १९ अपूर्ण. अवतरणासाठी पृष्ठक्रमांक आवश्यक. आठ दिवसांत पूर्ण करून पाठवावा, अन्यथा लेखाचा विचार पुढील वर्षाच्या अंकासाठी करण्यात येईल."

पाकीट दुकानाच्या पत्त्यावर आलं होतं. मी ते उभ्यानेच वाचलं. पुढच्या वर्षी ती असणार नव्हती.

संपादकांना फोन करता आला असता. नंबर त्या कागदावरच होता. तो मी केला नाही. का केला नाही, याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं शोधलं. खरं उत्तर एवढंच आहे की तसं मनातच आलं नाही. तीस वर्षं अशा कागदावर मी जे करत आलो होतो तेच माझ्या हाताने केलं. परत आलेल्या प्रतीवर तिची ओळ पेनने खोडली आणि तिथे "पृ. ४७" टाकलं. सत्तेचाळीस का, तर माझ्या दुकानाच्या गाळ्याचा नंबर सत्तेचाळीस होता. दुपारच्या टपालात लेख गेला.

घरी गेल्यावर तिला सांगितलं, लेख घेतला, ऑक्टोबरच्या अंकात येतोय. ती उठून बसली. कितीतरी दिवसांनी तिने वरणभात मागितला. दोन घास खाल्ल्यावर म्हणाली, "एकोणीस नंबरचं काही म्हणाले नाहीत?"

"नाही."

"तसंच ठेवलं?"

"तसंच ठेवलं."

"भला माणूस दिसतोय. लोक परत पाठवतात अशासाठी."

मी ताट उचललं. ती म्हणाली, "अहो, त्यांना एक पत्र लिहू या."

"कशाला?"

"आभाराचं. घ्या लिहून."

तिने सांगितलं आणि मी टाइप केलं. "स. न. वि. वि. माझ्या लेखातील एकोणिसाव्या संदर्भाची अपूर्णता आपण जशीच्या तशी राहू दिलीत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. संशोधकाला आपले अज्ञान कबूल करण्याची मोकळीक असावी, हे फार थोड्यांना पटते." खाली तिने सही केली. नावाखालची रेघ सरळ आली. मी पत्र पाकिटात घातलं, तिकीट लावलं, तिच्यादेखत बाहेर घेऊन गेलो आणि दुकानाच्या खणात ठेवून दिलं.

अंक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आला. तेव्हा ती दवाखान्यात होती. मी अंक तिच्या हातात दिला. तिने तो उलटा-सुलटा केला, वास घेतला, बोटाने पानं चाळली.

"चष्मा द्या."

"चष्मा घरी राहिला," मी म्हणालो.

"असं कसं? काल इथेच तर होता."

"सकाळी कपडे बदलताना सामानाबरोबर गेला असेल. उद्या आणतो."

"बरं. मग तुम्ही वाचा."

मी वाचला. सगळा लेख, मोठ्याने. शेजारच्या खाटेवरच्या बाई मध्येच म्हणाल्या, "ताई, हे तुम्ही लिहिलं? आमची सासू जिनात होती वो." कमलिनी हसली. लेख संपल्यावर मी अंक मिटायला लागलो.

"सूची राहिली."

"सूची काय वाचायची, मॅडम?"

"तुम्ही लावलेली आहे. ऐकू द्या की."

मी एकेक संदर्भ वाचत गेलो. आडनाव, नाव, पुस्तक, साल, पान. एकोणीसवर आलो. डोळ्यांसमोर "पृ. ४७" छापलेलं होतं, आणि मी वाचलं, "पृष्ठक्रमांक नोंदवलेला नाही, पाळणाघराच्या चित्रासमोर." न अडखळता. मग वीस, एकवीस, एकतीसपर्यंत.

ती म्हणाली, "पूर्णविराम."

चार दिवसांनी ती गेली.

सव्वादोन वर्षांनी, २०११च्या जानेवारीत, एक मुलगी घरी आली. सव्वीस-सत्तावीसची असेल. रेश्मा तायडे नाव सांगितलं. पीएच.डी. करत होती. मी तिला दिवाणावर बसायला सांगितलं आणि चहा ठेवला.

"काका, मी मॅडमना कधी भेटले नाही," ती म्हणाली. "पण त्यांचा लेख वाचून मी हा विषय घेतला. माझी पणजी जिनात होती. आणि आजी म्हणते, मी त्या पाळण्यात झोपलेली आहे. घरात सगळे हसायचे तिला. म्हणायचे, म्हातारी काहीही सांगते, मालक कशाला पाळणे देतोय! मॅडमचं ते वाक्य मी तिला वाचून दाखवलं ना, तर म्हणाली, पाह्य, छापून आलं का नाही!"

"बरं झालं," मी म्हणालो. मला खरंच बरं वाटलं होतं.

तिने पिशवीतून झेरॉक्स काढल्या. "ते पुस्तक मिळालं मला. भुसावळला, एका जुन्या युनियनवाल्यांच्या घरी."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला.

"पण काका, पुस्तक बत्तीसच पानांचं आहे. हे बघा, शेवटी समाप्त लिहिलंय, छापखान्याचं नाव आहे. आणि मॅडमनी पान सत्तेचाळीस दिलंय."

मी शेवटचं पान उलटून पाहिलं.

"एक-दोन पानांचा फरक असता तर कुणी काही म्हटलं नसतं. पण बत्तीस पानांच्या पुस्तकात सत्तेचाळीसावं पान? आणि ते वाक्य मला कुठेच सापडलं नाही. मधली आठ पानं फाटलीत, सतरा ते चोवीस. त्यात असू शकेल. पण माझे गाइड म्हणतात, बाईंनी पुस्तक पाहिलेलंच नाही. ऐकीव गोष्ट पुस्तकाच्या नावावर खपवली."

"असं म्हणतात?"

"मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, मी घरी जाऊन विचारून येते." तिने झेरॉक्सचं पहिलं पान पुढे केलं. "इथे चित्रांची यादी आहे. पाळणाघर, पान वीससमोर. तेही फाटलेल्यातच गेलंय. काका, मॅडमच्या मूळ नोंदी असतील ना? कार्डं वगैरे? एवढं जरी कळलं, की त्यांनी ते पुस्तक हातात घेतलं होतं, तरी पुरे आहे मला."

कार्डांचं खोकं ती बसली होती त्याच दिवाणाखाली होतं. मी वाकलो असतो तर हाताला लागलं असतं. लाल शाईची ती ओळ मला पाठ होती. ते कार्ड काढून तिच्या हातात दिलं की काम संपत होतं. पण मग तिने विचारलं असतं, मॅडमनी असं लिहून ठेवलं होतं तर सत्तेचाळीस कुठून आलं?

"कार्डं नाहीत," मी म्हणालो. "ती गेल्यावर रद्दीत दिली."

"सगळी?"

"सगळी."

"अरेरे." तिने झेरॉक्स पिशवीत ठेवल्या. "मग ते सत्तेचाळीस...?"

"ती फार आजारी होती, बाळ. औषधांची गुंगी असायची. चुकलं असेल तिच्याकडून."

हे मी बोललो. शब्द माझेच आहेत, आणि अजून मला तसेच्या तसे आठवतात.

रेश्माने मान हलवली. "मला वाईट वाटतं, काका. पण मला तसं लिहावं लागेल."

"लिहायलाच पाहिजे."

तिने चहा संपवला. कप स्वतः धुऊन ठेवला. दाराशी जाऊन थांबली. "काका, एक विचारू? मॅडमच्या लेखाची सूची इतकी नीट होती. तुम्हीच लावली होती ना? माझा प्रबंध लावून द्याल?"

नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

मार्चमध्ये तिने हस्तलिखित आणून दिलं. तीनशे बारा पानं, हाताने लिहिलेली. तीन आठवडे मी रोज बसलो. तिसऱ्या प्रकरणात त्रेसष्ट नंबरची तळटीप होती. तिथे तिने आधी 'ठोसर मॅडम' लिहिलं होतं आणि मग 'मॅडम' खोडलं होतं. प्रबंधात तसं लिहीत नाहीत. मी टाइप केलं:

"ठोसर (२००८) यांनी या घटनेसाठी बोदडे यांच्या पुस्तकाचे पृ. ४७ दिले आहे. मूळ पुस्तक बत्तीस पानांचे आहे. सदर उल्लेख पडताळता न आल्याने ग्राह्य धरलेला नाही. पाळणाघराविषयी केवळ मौखिक आठवणी उपलब्ध आहेत."

टाइप करून झाल्यावर मी ते सवयीप्रमाणे दोनदा तपासलं. कंस बरोबर होता, 'पृ.'नंतरचं टिंब बरोबर होतं, आकडा बरोबर होता. कुठेही चूक नव्हती.

रेश्मा घ्यायला आली तेव्हा मी विचारलं, "आजीला काय सांगितलंस?"

"सांगितलं, की ते वाक्य आता धरता येत नाही."

"मग?"

"म्हणाली, छापणाऱ्या बाईला कोणी फसवलं असंल." रेश्मा कागद पिशवीत भरत होती. "आजी आहे ना, ती मॅडमवर रागावली नाही. माझे गाइड मात्र वर्गात उदाहरण देतात आता. संदर्भ कसा देऊ नये याचं."

मी तिला पिशवीची दोरी बांधून दिली.

तिला पदवी मिळाली. पेढे घेऊन आली होती, वाकून नमस्कार केला. आता ती जळगावकडे एका कॉलेजात आहे. तिचा पत्ता आणि फोन नंबर माझ्या वहीत आहे. दरवर्षी दिवाळीला तिचा फोन येतो. "काका, तब्येत कशी आहे?" मी सांगतो, ठीक आहे. तिचं पुस्तक निघालं, तेही तिने पाठवलं. तळटीप त्यात तशीच आहे, फक्त नंबर बदलला आहे.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी चष्मा घरी नव्हता. सकाळी अंक टपालाने आला, तो घेऊन मी दवाखान्यात पोचलो तेव्हा कमलिनीचा डोळा लागला होता. चष्मा उशाशी होता. तो मी उचलला आणि शर्टाच्या खिशात घातला. मी लेख वाचत होतो तेव्हा तो माझ्या छातीशी होता. तिने डोळे बारीक करून दोनदा माझ्या खिशाकडे पाहिलं, असं मला वाटतं. तिला दिसलं की नाही, ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी चष्मा नेला नाही. तिनेही पुन्हा मागितला नाही.

कार्डांचं खोकं दिवाणाखाली आहे. एकोणिसाव्या संदर्भाचं कार्ड मी वेगळं काढून दुकानातून आणलेल्या त्या पाकिटात ठेवलं आहे, तिच्या सहीच्या आभाराच्या पत्राबरोबर. पाकिटावरचा पत्ता बदलून त्रैमासिकाच्या नव्या संपादकांचा घातला. दुसऱ्या एका पाकिटावर रेश्माचा पत्ता घातला. दोन्हींत एकच ओळ टाइप करून घातली आहे. पृ. ४७ माझं आहे, तिचं नाही. एवढंच.

रेश्माची आजी हयात असेल तर आता ऐंशीच्या पुढे असेल. मागच्या दिवाळीला फोनवर विचारायचं होतं, विचारलं नाही.

दोन्ही पाकिटं तयार आहेत. मी ती टपालात टाकलेली नाहीत.